सरजाबाईंचा हसरा फोटो

उमरीच्या बाजारपेठेत विनोद सोनकांबळेचा फोटो स्टुडिओ आहे. तिथं सकाळी कुणी गिऱ्हाईक गेलं, की विनोद त्याला आधी समोरच्या हॉटेलात चहाला पाठवायचा. यात पाहुणचार थोडा आणि नाइलाज जास्त होता. त्याचा कॉम्प्युटर चालू व्हायला वेळ घ्यायचा. वेळ म्हणजे कसा, तर विनोद आल्या आल्या बटण दाबणार, मग दुकान झाडणार, उंबऱ्यावर पाणी मारणार, भिंतीवरच्या बुद्धांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावणार, हॉटेलात जाऊन पेपरातल्या निधनवार्ता वाचून येणार, तरी पडद्यावर ते ठिपक्यांचं गोल कडं फिरतच असणार. घाईचा माणूस एकदा कड्याकडं बघायचा, एकदा बाहेर बघायचा आणि शेवटी पलीकडच्या नव्या दुकानात निघून जायचा. विनोद त्याला अडवत नसे. 'जाऊ द्या, त्यांचं बी पोट हाय,' असं म्हणायचा. हे तो मनापासून म्हणायचा, आणि नेमकं तेच त्याच्या बायकोला, मनिषाला, सहन होत नसे.

विनोदचे वडील रेल्वेत गँगमन होते. पोरानं रुळांवर घण मारू नये एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती पोरानं पाळली. नांदेडच्या एका स्टुडिओत तो ऐन तारुण्यात अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायला राहिला. हाताला औषधांचा वास घेऊन काही वर्षांनी उमरीला परतला आणि स्वतःचं दुकान टाकलं. त्या काळी मागच्या पडद्यावर धबधबा आणि ताजमहाल असायचे. नवरा-नवरी, नव्या वकिलाचा काळा कोट, जावळ काढलेली पोरं, सगळा तालुका त्या धबधब्यापुढं बसून गेला. पुढं कॉम्प्युटर आला. मग मोबाईल आले आणि सगळंच आटलं. लग्नांना आता ड्रोनवाले येतात. विनोदकडं राहिले ते दोनच प्रकारचे लोक: अर्जाला लावायचा फोटो हवा असणारे, आणि घरातलं माणूस गेल्यावर त्याचा मोठा फोटो करून मागणारे.

दुसऱ्या कामात मात्र विनोदचा हात धरणारा कुणी नव्हता. लोक कायकाय घेऊन यायचे. कुणी लग्नाच्या घोळक्यातला फोटो आणायचा आणि मागच्या रांगेतल्या अर्ध्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणायचा, 'हे आमचे दादा.' विनोद तो चेहरा अलगद बाहेर काढायचा, खांद्यावरचा दुसऱ्या कुणाचा हात पुसायचा, बंडीच्या जागी पांढरा सदरा चढवायचा आणि मागं निळं आभाळ टाकायचा. घरचे लोक ते बघून रडायचे. रडले की विनोदला बरं वाटायचं, कारण याचा अर्थ माणूस ओळखू आला.

या कामापायी त्याला एक खोड लागली होती. कुणाचाही चेहरा तो कॉम्प्युटरमधून पुसत नसे. डोळे मिटलेला, हललेला, जांभई देताना आलेला, कसलाही फोटो असो. 'उद्या ह्योच लागला तर?' असं म्हणून ठेवून द्यायचा. आणि ठेवायचा कुठं, तर पडद्यावरच, उघड्यावर. कपाटात घातलेली वस्तू सापडत नाही आणि समोर असलेली सापडते, एवढा सरळ हिशेब. त्यामुळं पडद्यावर फोटोंची इतकी गर्दी झाली होती, की मागच्या चित्रातलं हिरवं रान कधीच दिसेनासं झालं होतं. फोटोंची नावंही माणसांची नव्हती, गावांची नाहीतर खुणांची होती. 'कारल्याची नवरी', 'तळेगावचा पैलवान', 'चष्मा विसरलेले गुरुजी', अशी सगळी त्याच्या डोक्यातली नावं. दुसऱ्या कुणाला काडीचा उपयोग नाही, पण विनोद डोळे झाकून बोट ठेवायचा.

त्याची मुलगी बुद्धप्रिया लातूरला कॉम्प्युटरचाच डिप्लोमा करत होती. सुट्टीला आली की डोक्याला हात लावायची. "पप्पा, सी ड्राइव्ह भरून लालेलाल झालाय. हे सगळं उचलून दुसऱ्या डिस्कवर टाका, म्हणजे मशीन पळायला लागेल. निदान एक कॉपी तरी करून ठेवा." विनोद 'हाव, करतो' म्हणायचा. करायचा नाही. ते उचलताना एखादा चेहरा सांडला तर, अशी त्याला भीती होती. कॉम्प्युटरमधून चेहरा सांडतो असं मानणारा माणूस कॉम्प्युटरवर पोट भरत होता, याला काय म्हणावं!

मार्गशीर्षात एके दिवशी गोरठ्याचे व्यंकटीमामा दुकानात आले. थोडीफार शेती असलेला, उंच, कमी बोलणारा माणूस. डोक्याचे केस नुकतेच उतरवलेले. विनोदला काय ते कळलं.

"सरजा गेली परवा," व्यंकटीमामा खुर्चीवर बसत म्हणाले. "निजली ती उठलीच न्हाई. तेरवीला फोटो ठेवावा म्हणतेत पोरं."

"कोणता आणलाव मामा?"

मामांनी खिशातून आधार कार्ड काढलं. त्यावर त्यांची बायको सरजाबाई कुणीतरी दरडावल्यासारख्या बघत होत्या. ओठ घट्ट मिटलेले, गाल ओढलेले.

"ह्येच हाय बघ. पोराच्या मोबाईलात हायत दोन-चार, पण मोबाईल म्होरं धरला की ती पदर तोंडाला लावायची. नुस्ते डोळेच दिसून राहिलेत. ही तर तिच्यावाणी वाटतच न्हाई."

विनोदनं कार्ड हातात घेतलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याला आठवलं. काही वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी या बाई एकट्याच आल्या होत्या, कसल्याशा सरकारी अर्जाला फोटो पाहिजे म्हणून. तेव्हा त्यानं दोन फोटो काढले होते. एक गंभीर, तो त्या घेऊन गेल्या. दुसरा मात्र अस्सा सुंदर हसरा आला होता.

"मामा, मावशीचा हसरा फोटो हाय माझ्याकडं!" विनोद म्हणाला. "एकदम दिलखुलास. 'गोरठ्याची मावशी' म्हणून ठेवलेला हाय. तुमी काळजीच करू नका."

व्यंकटीमामांनी मान वर केली. "हसरा? सरजाचा?"

"हाव."

"हसली तवा फोटो काढला?"

"आता दाखवला असता, पण मशीन सुरू व्हायला टाइम घेतंय."

मामा काही वेळ त्या फिरणाऱ्या कड्याकडं बघत बसले. मग उठले. जाताना दारात थांबून म्हणाले, "इनोद, त्योच पाहिजे बरं का. दुसरा कंचाच नको. मला बघायचाय त्यो." एवढं बोलायलाही त्यांना कष्ट पडले असावेत. फ्रेम मोठी करायची, साधी नको, हेही त्यांनी सांगितलं. विनोदनं छातीवर हात ठेवून शब्द दिला. असे शब्द देताना माणसानं आधी आपल्या मशीनला विचारावं, पण एवढं कुणाला सुचतं!

त्या दिवशी ते कडं थांबलंच नाही. दुपार कलली तरी फिरतंय. विनोदनं लातूरला फोन लावला.

"पप्पा, पडद्यावर काय दिसतंय?"

"गोल फिरून राहिलंय."

"अजून?"

"सकाळपून."

बुद्धप्रियानं सांगितलं, टास्क मॅनेजर उघडा, त्यात स्टार्टअपमध्ये जा, सुरू होताना आपोआप जे जे चालू होतं ते बंद करा. पण ते उघडायला आधी मशीन उघडायला पाहिजे ना! मग ती म्हणाली, पॉवरचं बटण दाबून धरा, पुन्हा चालू करा. विनोदनं ते केलं. आता पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं आली, डिस्क तपासतोय म्हणून, आणि शेजारी टक्के चढायला लागले. विनोद स्टुलावर दूध उतू जाऊ नये म्हणून बसावं तसा बसला. टक्के बरेच वर चढले. त्याचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच लाइट गेली.

दुकानात यूपीएस नव्हता असं नाही. होता. त्याची बॅटरी कधीच मेली होती आणि विनोद त्याच्यावर फोटोचा कोरा कागद ठेवायचा.

लाइट आली, टक्के पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशीही तेच. टक्के चढायचे, लाइट जायची. बुद्धप्रिया तिकडून कळवळून सांगायची, "पप्पा, सारखं बंद-चालू होऊ देऊ नका, डिस्क खराब होईल," आणि विनोद म्हणायचा, "माय, मी कुठं बंद करून राहिलो? लाइटवाले करतेत." एकदा तर त्यानं मशीनच्या डब्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "बाबा, एक फोटो दे. मग तुला काय करायचं ते कर." मनिषा जेवणाचा डबा घेऊन आली होती, तिनं ते ऐकलं. तिला हसूही आलं नाही. नवऱ्याला इतकं रडकुंडीला आलेलं तिनं पाहिलंच नव्हतं.

शेवटी आदिनाथला बोलावलं. आदिनाथ नांदेडचा. गाडीनं उमरीला यायचा, शाळांचे, दुकानांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि परतीच्या गाडीनं जायचा. पोरगा हुशार आणि कामाला चोख होता. त्यानं मशीनला कान लावला, दोन-चार बटणं दाबली आणि म्हणाला, "विंडोज पार बिघडलंय काका. डब्बा घेऊन जातो, दुकानात निवांत बघतो. उद्या देतो."

"लवकर दे बाबा. लई महत्त्वाचं काम अडकलंय."

एवढंच विनोद बोलला. कॉम्प्युटरमध्ये फोटो आहेत, ते जपून ठेव, असं तो म्हणाला नाही. फोटोवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये फोटो असतात हे काय सांगायला लागतं? आणि आदिनाथनं विचारलं नाही, कारण त्यानं पाहिलेले सगळे फोटोवाले आपले फोटो वेगळ्या डिस्कवर कुलपात ठेवत होते. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. गाडीची वेळ झाली होती. आदिनाथनं डबा काखेत मारला आणि स्टेशन गाठलं.

दुसऱ्या दिवशी विनोद फ्रेमची काच आणायला बाजारात उभा होता. शेजारी भाजीचा लिलाव चाललेला, त्यात एका टेम्पोवर कसलीशी जाहिरात ओरडत होती. तेवढ्यात आदिनाथचा फोन आला.

"काका, नवीन विंडोज टाकून राहिलो. डेटा पाहिजे का?"

आता विनोदच्या आयुष्यात डेटा या शब्दाला एकच अर्थ होता. मोबाईलला रिचार्ज मारला की रोज मिळतो तो डेटा. संपला की लेकीचा व्हिडिओ कॉल अडकतो तो डेटा. त्यानं त्याच सकाळी रिचार्ज मारला होता. पोरगं किती चांगलं आहे, आपल्याला नेट लागेल याचीही काळजी करतंय, असं त्याला वाटलं.

"नको नको!" तो टेम्पोच्या वर आवाज काढून ओरडला. "माझ्याकडं हाय डेटा. भरपूर हाय!"

"नक्की ना काका? मग सगळं साफ मारतो."

"हाव हाव, मार. एकदम साफ कर!"

संध्याकाळच्या गाडीनं डबा आला. आदिनाथनं वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. विनोद सवयीनं झाडू घ्यायला वळला, तर आदिनाथ म्हणाला, "कुठं चाललाव? झालं सुरू."

खरंच झालं होतं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पडदा उजळला. निळा, स्वच्छ, विस्तीर्ण पडदा. कोपऱ्यात कचऱ्याच्या डब्याचं एक चित्र, बस्स. विनोदला आधी वाटलं फोटो मागं कुठंतरी आहेत, मशीन आता ते एकेक करून पुढं आणील. तो वाट बघत राहिला. वाट बघायची त्याला सवयच होती.

"फोटो?" त्यानं विचारलं.

"कंचे फोटो?" आदिनाथ म्हणाला. मग आदिनाथच्या तोंडचं पाणी पळालं. "काका, मी इच्चारलं की हो तुमाला. डेटा पाहिजे का म्हणून. तुमीच म्हणलाव, भरपूर हाय..."

विनोदनं खिशातला मोबाईल काढून त्याला दाखवला. दुसरं काय दाखवणार? त्याला राग आला, पण तो कुणावर काढावा हे कळेना. पोरानं विचारलं होतं. आपण ओरडून सांगितलं होतं. बाजारातले दहा लोक साक्षीला होते. तो खाली बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सारा तालुका त्यानं जपला होता, आणि एका शब्दापायी सारा तालुका गेला.

आदिनाथ डबा पुन्हा नांदेडला घेऊन गेला. पुसलेलं परत काढायचं सॉफ्टवेअर असतं म्हणे. बुद्धप्रियाही लातूरहून फोनवर त्याला काहीबाही सुचवत होती. काही फोटो परत आलेही. पण नावांच्या जागी नुसते आकडे, आणि चेहरे अर्ध्यात कापलेले. वर कपाळ, कुंकू, भुवया, आणि खाली करडा रंग. कुणाचा एक कान, कुणाचा फेटा. विनोदनं ते सगळे डोळ्यांत तेल घालून पाहिले. एका फोटोत डोक्यावर मावशीसारखा हिरवा पदर दिसला तेव्हा तो पुढं वाकला, पण ती कारल्याची नवरी निघाली, तीही नाकाच्या वरचीच. गोरठ्याची मावशी कुठंच नव्हती. बुद्धप्रिया म्हणाली, "पप्पा, विंडोज ज्या जागेवर बसलं, तिथलं आता येत नाही." विनोदनं विचारलं, "मग ते विंडोज उठवता येत न्हाई का?"

तेरवीच्या आदल्या दिवशी व्यंकटीमामा आले. काखेत कापडी पिशवी होती, फ्रेम गुंडाळून न्यायला घरून जुनं धोतर आणलं होतं. विनोदनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग सगळं सांगितलं. विंडोज, डेटा, टेम्पो, काहीही लपवलं नाही. सांगताना त्याची मान खाली होती.

"गेला म्हंजी आता येतच न्हाई?" मामांनी विचारलं.

"न्हाई मामा. लई केलं. न्हाई आला."

मामा चिडले नाहीत. चिडले असते, चार शिव्या दिल्या असत्या, तर विनोदला बरं वाटलं असतं. त्यांनी पिशवीची घडी केली, पुन्हा उलगडली. "पोरांला सांगून बसलो व्हतो," ते म्हणाले. "तुमच्या आईचा हसरा फोटो हाय म्हणून. सून म्हणली, आमी तर कदी बघितल्याच न्हाईत हसताना." मग त्यांनी विचारलं, "इनोद, काऊन हसली रं ती? तुला ध्यानात हाय का?"

विनोदला हायसं वाटलं. फोटो नाही तर नाही, निदान हे तरी आपल्यापाशी आहे, हे तरी मामांना देता येईल, असं वाटून तो सरसावून बसला.

"हाय की! चांगलं ध्यानात हाय. पहिला फोटो काढताना त्यांचं तोंड जरा हसरं दिसलं. मी म्हणलं, मावशी, हसू नका, सरकारी कामाला हसलेलं चालत न्हाई. तर माझ्याकडं अशा बघितल्या आन् म्हणल्या, 'हितं बी का?' आन् ज्या हसायला लागल्या मामा, थांबंचनात. मला बी हसू आवरंना. त्याच वक्ताला बटण दाबलं."

सांगता सांगता विनोद हसत होता. मामा हसले नाहीत. त्यांचे ओठ हलले. 'हितं बी का,' असं ते आवाज न करता म्हणाले.

"दात पुढं व्हते तिचे," ते म्हणाले. "लगीन होऊन आली तवा लई हसायची. बारक्या बारक्या गोष्टीला. मीच म्हणलो, चार माणसांत दात काढत जाऊ नको, बरं दिसत न्हाई. एकदाच म्हणलो असंन." मग त्यांनी मान हलवली. "न्हाई. एकदाच न्हाई."

आपण काय सांगून बसलो ते विनोदला तेव्हा कळलं. इतकी वर्षं त्याला एवढंच वाटत होतं, की म्हातारी मोठी गमतीची आहे. फोटो असता तर मामा तो बघून रडले असते, धोतरात गुंडाळून घेऊन गेले असते आणि हा प्रश्नच निघाला नसता. बोललेलं परत घेता येत नाही.

मामांनी खिशातून आधार कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"ह्येच मोठं कर."

"मामा, ह्यो चांगला न्हाई आला. तुमीच म्हणलाव, त्यांच्यावाणी दिसत न्हाई."

"आसू दे," व्यंकटीमामा म्हणाले. "तोंड मिटलेलं हाय त्यात. मी म्हणत व्हतो तसंच हाय."